हाउस कोणाचा?

'हाउस' ही मालिका अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर १६ नोव्हेंबर २००४ रोजी सुरू झाली आणि आठ पर्वे, १७७ भाग होऊन २१ मे २०१२ रोजी संपली. न्यू जर्सी राज्यातल्या प्रिन्स्टन-प्लेन्सबरो या काल्पनिक रुग्णालयात, इतरांनी हात टेकलेल्या आजारांचे निदान करणारा ग्रेगरी हाउस हा तिचा नायक. उजव्या मांडीत कायमची वेदना, हातात काठी, खिशात व्हायकोडिन या वेदनाशामक गोळ्यांची बाटली आणि जिभेला हाड नाही. दर आठवड्याला एक रुग्ण, फळ्यावर लिहिलेली लक्षणांची यादी, दोन-तीन चुकलेली निदाने आणि अगदी शेवटी उलगडा, असा साचा ठरलेला. या साच्याकडे पाहता प्रेक्षकांत वाद व्हायचा तर तो वैद्यकशास्त्रावरून व्हायला हवा. तो झालाही. परवानगीविना केलेल्या चाचण्या, उपचारांची घाई, पुराव्यासाठी रुग्णाच्या घरात चोरून शिरणारे डॉक्टर यांवर जाणकारांनी भरपूर टीका केली. पण आठ वर्षे जो वाद विझला नाही तो निराळा होता. हाउसने कोणाचे व्हावे, आणि मुळात तो कोणाचा आहे, हा तो वाद.

बाजू मुख्यतः तीन. रुग्णालयाची प्रमुख लिसा कडी हीच हाउसची खरी जोडीदार असे मानणारे एक. त्याच्या हाताखाली काम करणारी तरुण डॉक्टर ॲलिसन कॅमेरॉन हिच्या बाजूचे दुसरे. आणि कर्करोगतज्ज्ञ जेम्स विल्सन, हाउसचा एकुलता एक मित्र, याच्याशी असलेले नाते त्या दोन्हींहून खोल आहे असे म्हणणारे तिसरे. नावांचे तुकडे जोडून प्रत्येक बाजूला नाव मिळाले: हडी, हॅमेरॉन, हिल्सन. अशा प्रेक्षकांना 'शिपर' म्हणण्याची रीत १९९० च्या दशकात 'द एक्स-फाइल्स'च्या चाहत्यांपासून रूढ झाली होती. बाहेरच्या माणसाला हा सगळा प्रकार पोरकट वाटतो. न घडलेल्या माणसांच्या लग्नावरून जाणत्या माणसांनी वर्षानुवर्षे का भांडावे? पण त्या भांडणाच्या आत शिरले की कळते, जोडी हे निमित्त आहे. भांडण चालले आहे ते माणूस बदलतो का यावर, आणि बदलत नसेल तर त्याच्यावर प्रेम कसे करायचे यावर. हा प्रश्न मालिकेनेच सुरुवातीपासून विचारला होता. प्रेक्षकांनी तो लेखकांइतक्याच, काही वेळा लेखकांपेक्षाही अधिक गांभीर्याने घेतला.

वैद्यकीय मालिकेत असे पक्ष पडतात याचे कारण तिच्या बांधणीत आहे. रुग्ण येतो, बरा होतो किंवा दगावतो, आणि पुढच्या भागात त्याचे नावही कोणी काढत नाही. टिकतात ते डॉक्टर. म्हणून वर्षभर मालिका पाहणाऱ्याच्या हाती सलग धागा उरतो तो त्यांच्या आपसांतल्या नात्यांचा. शिवाय रात्रपाळी, थकवा आणि मरणाशी रोजची गाठ यांमुळे, घरच्यांना जे सांगूनही कळणार नाही ते शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला न सांगता कळते. त्यात अमेरिकी वाहिन्यांच्या वेळापत्रकाची भर. सप्टेंबर ते मे या काळात एका पर्वाचे साधारण बावीस ते चोवीस भाग दाखवले जात. मे महिन्यातला शेवटचा भाग ऐन मोक्याच्या जागी थांबे आणि पुढचे चार महिने काहीच नसे. ते रिकामे महिने प्रेक्षक तर्कांनी भरून काढत.

ही परंपरा 'हाउस'च्या आधीची आहे. 'जनरल हॉस्पिटल' या १९६३ पासून दुपारी चालणाऱ्या मालिकेत ल्यूक आणि लॉरा यांचे लग्न नोव्हेंबर १९८१ मध्ये दाखवले गेले तेव्हा सुमारे तीन कोटी लोकांनी ते पाहिले. दुपारच्या मालिकांत तो आजवरचा उच्चांक मानला जातो. या लग्नाच्या मुळाशी मात्र एक भयंकर गोष्ट होती: १९७९ मध्ये ल्यूकने लॉरावर बलात्कार केला होता, आणि जोडी लोकप्रिय होऊ लागताच मालिकेने त्या प्रसंगाचा रंग हळूहळू सौम्य केला. प्रेक्षकांतल्या एका वर्गाने ते कधीच मान्य केले नाही. १९९८ मध्ये मालिकेला तो विषय पुन्हा उघडावा लागला; ल्यूकला आपल्या मुलापुढे उत्तर द्यावे लागले. चाहत्यांची चर्चा म्हणजे नुसती हौस नव्हे, तिच्यात न्यायाची चाड असते, हे या प्रकरणात लख्ख दिसते.

'ईआर'चे उदाहरण वेगळ्या प्रकारचे. सप्टेंबर १९९४ मध्ये दाखवलेल्या पहिल्या भागात परिचारिका कॅरल हॅथवे आत्महत्येचा प्रयत्न करते. मूळ बेतानुसार ती दगावणार होती. प्रायोगिक प्रेक्षकांना ती भावली आणि तिला जगवले गेले. पुढे बालरोगतज्ज्ञ डग रॉस आणि ती यांची जोडी त्या मालिकेचा कणा झाली. डग १९९९ मध्ये शिकागो सोडून गेला. मे २००० मध्ये कॅरल त्याच्यामागे सिॲटलला गेली आणि डगची भूमिका करणारा जॉर्ज क्लूनी काही क्षणांसाठी परत दिसला. त्या जोडीच्या चाहत्यांना तेवढे क्षण पुरले. 'ग्रेज ॲनाटमी'त मेरेडिथ आणि डेरेक यांच्यामध्ये डेरेकची पत्नी ॲडिसन येऊन उभी राहिली तेव्हा बायको की प्रेयसी असा सरळ वाद पेटला. या वादांत बहुतेक वेळा दोन माणसांना एकत्र आणायचे की नाही एवढाच मुद्दा असे. 'हाउस'चा वाद त्याहून अवघड, कारण तिथे नायकालाच सुख नको असल्यासारखे दिसते.

त्या नकाराचे मूळ स्टेसी वॉर्नरच्या कथेत आहे. पहिल्या पर्वातला 'थ्री स्टोरीज' हा भाग मे २००५ मध्ये दाखवला गेला. तो लिहिल्याबद्दल मालिकेचे निर्माते डेव्हिड शोर यांना एमी पुरस्कार मिळाला. हाउसच्या मांडीतल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली, स्नायू मरू लागला. डॉक्टरांचा सल्ला पाय कापण्याचा. हाउसने तो धुडकावला आणि असह्य वेदनेचा काळ काढण्यासाठी स्वतःला औषधांनी बेशुद्ध ठेवायला सांगितले. तो बेशुद्ध असताना स्टेसीने, त्याची जोडीदार आणि कायद्याने त्याच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून, मधला मार्ग निवडला: मेलेला स्नायू काढून टाकायचा. जीव वाचला, पाय राहिला, वेदना जन्मभर राहिली. त्याने जे स्पष्टपणे नाकारले होते त्याच्या जवळचेच काही त्याच्यावर त्याच्या झोपेत लादले गेले. हे प्रेम की विश्वासघात, यावर चाहत्यांत झालेली चर्चा वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गातही शोभली असती. रुग्णाची इच्छा मोठी की त्याचा जीव, हा प्रश्न मालिकेत रुग्णांच्या बाबतीत दर दोन-चार भागांनी येई. दर वेळी हाउस जिवाच्या बाजूने उभा राही आणि रुग्णाची इच्छा झुगारून देई. स्वतःच्या बाबतीत मात्र त्याने स्टेसीला क्षमा केली नाही. पहिल्या पर्वाच्या अखेरीस ती लग्न होऊन परत आली, दुसऱ्या पर्वात पुन्हा जवळ आली, नवऱ्याला सोडायला तयार झाली, आणि हाउसनेच तिला परत पाठवले. आपण बदलणार नाही, पुन्हा तेच होईल, हे त्याचे कारण. स्टेसीच्या बाजूचा पक्ष कधी मोठा झाला नाही, पण पुढच्या सगळ्या वादाचा पाया तिने घातला.

कॅमेरॉनच्या बाजूचे लोक पहिल्या दोन पर्वांत जोरात होते. तिचे प्रेम उघड आणि निःशंक. नोकरीवर परत येण्यासाठी तिने अट घातली ती हाउसबरोबर एका संध्याकाळी जेवायला जाण्याची. त्या जेवणाचा प्रसंग लहानसा आहे. ती नटून आली आहे, तोही एरवीपेक्षा नीटनेटका आहे, त्याने तिच्यासाठी फूल आणले आहे. त्याला आपल्याबद्दल काय वाटते हे तिला सरळ ऐकायचे असते. उत्तरादाखल हाउस तिचेच निदान करतो: मोडलेले जे दिसेल ते दुरुस्त करता येते असा तुझा समज आहे, म्हणून तू मरणाच्या दारातल्या माणसाशी लग्न केलेस, आणि आता तुला दुरुस्तीसाठी नवा माणूस हवा आहे. हॅमेरॉन पक्षाने या बोलण्याचा अर्थ घाबरलेल्या माणसाचा बचाव असा लावला. विरोधकांनी ते निदान बरोबर धरले. दोन्ही वाचने टिकतात, कारण हाउस जेव्हा सर्वांत क्रूर बोलतो तेव्हा तो बहुधा खरेही बोलत असतो, आणि ते खरे तो ढालीसारखे वापरत असतो.

या पक्षाविरुद्धचा मोठा आक्षेप अधिकाराचा होता. हाउस तिचा वरिष्ठ, वयाने बराच मोठा, तिचे भवितव्य त्याच्या शिफारशीवर अवलंबून. २००५ साली हा आक्षेप आजच्या इतका मोठ्याने घेतला जात नव्हता, तरी घेणारे होते, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. कॅमेरॉन पुढे हाउसच्याच चमूतल्या रॉबर्ट चेसशी लग्न करते. चेसने आफ्रिकेतल्या एका हुकूमशहाचा बळी जाईल अशा रीतीने चाचणीत फेरफार केल्याचे कळल्यावर ती रुग्णालयही सोडते आणि त्यालाही. जाताना तिचा राग चेसहून अधिक हाउसवर असतो. त्याच्या सावलीत चेसमधला चांगुलपणा करपला असे ती मानते. दया करणारी व्यक्तीच शेवटी निवाडा करून निघून गेली. हॅमेरॉनच्या बाजूने फार काही बोलायला त्यानंतर उरले नाही.

कडीचे प्रकरण सर्वांत मोठे, आणि त्यावर थांबायला हवे. ती हाउसची वरिष्ठ आहे, त्याच्या बरोबरीची बुद्धी बाळगून आहे, त्याच्यामुळे उद्भवणारे खटले आणि तक्रारी निस्तरते आणि तरी त्याला नोकरीवर ठेवते. पाचव्या पर्वात दत्तक मिळणारे बाळ तिच्या हातून जाते. जन्मदात्री आई शेवटच्या क्षणी मन बदलते. हाउस तिच्या घरी येतो. बाळ मिळणार होते तेव्हा त्याने तिला तू वाईट आई होशील असे सुनावले होते. आता तो म्हणतो की तू चांगली आई झाली असतीस. ती भडकते. प्रत्येक गोष्टीच्या उलट बोलायची तुला एवढी काय गरज असते, असे विचारते. तो म्हणतो, माहीत नाही. सगळ्या जगाचे निदान करणाऱ्या माणसाला स्वतःबद्दलच्या एका प्रश्नाचे उत्तर येत नाही, आणि ते तो मान्य करतो. मग ते एकमेकांचे चुंबन घेतात आणि तो निघून जातो. हडी पक्षाला चुंबनाहून ते 'माहीत नाही' अधिक मोलाचे वाटले असेल तर ते योग्यच होते.

त्याच पर्वाच्या अखेरीस, मे २००९ मध्ये, लेखकांनी या पक्षाची सर्वांत कठोर परीक्षा घेतली. कडीने हाउसला व्हायकोडिन सोडायला रात्रभर मदत केली, ते जवळ आले, असे एका भागात दिसले. पुढच्या भागात हाउस तिची लिपस्टिक खूण म्हणून हातात खेळवत रुग्णालयात फिरतो. शेवटी त्याला कळते की ती रात्र झालीच नव्हती; सगळा भास होता, आणि हातातली लिपस्टिक म्हणजे गोळ्यांची बाटली. विल्सन त्याला मनोरुग्णालयाच्या दारापर्यंत सोडतो. अनेकांना ही आपली उघड फसवणूक वाटली. इच्छा दाखवायची आणि मग तिला रोग ठरवायचे, ही त्यांची तक्रार. दुसऱ्या बाजूने सांगितले गेले की भास होणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी गोष्ट पाहायला लावली, म्हणून तर धक्का खरा बसला. कथनाची बाजू पाहता दुसरे म्हणणे सरस आहे. तरी पहिल्या म्हणण्यातला दुखावलेपणा खोटा नव्हता. ज्या रात्रीवर त्यांनी आठवडाभर आनंद केला ती रात्र त्यांच्याही हातून काढून घेतली गेली होती.

सहाव्या पर्वात दोघांचा भूतकाळ उघडतो. एका वैद्यकीय परिषदेत, नाचताना, मिशिगन विद्यापीठातली एक जुनी रात्र निघते. तो त्यानंतर परत का आला नाही? त्याच दिवशी वैद्यकीय महाविद्यालयातून काढून टाकल्याचे त्याला कळले होते, म्हणून पुढे काही बोलण्यात त्याला अर्थ दिसला नाही. वीस वर्षे उशिरा दिलेले हे स्पष्टीकरण कडीला ऐकवत नाही. आणि तिच्या खोलीत त्याला दिसतो लुकास, तिचा नवा मित्र. मे २०१० मध्ये, ट्रेंटनमधल्या कोसळलेल्या क्रेनच्या दुर्घटनेत जिचा पाय त्याला स्वतःच्या हाताने कापावा लागला ती बाई वाटेतच मरते. हाउस घरी येतो, न्हाणीघरातल्या आरशामागे दडवलेल्या गोळ्या काढतो आणि फरशीवर बसतो. दारात कडी उभी असते. ती गोळ्या हिसकावत नाही. घ्यायच्या की नाही ते तुझ्यावर आहे, असे सांगते. लुकासशी ठरलेले लग्न मोडून आल्याचे आणि आपले प्रेम असल्याचे कबूल करते. हाउसचा प्रश्न अगदी बिनतोड आहे: हा भास नाही कशावरून? गोळ्या घेतल्यास का, असे ती विचारते. नाही. मग ठीक आहे. वर्षभरापूर्वीच्या फसवणुकीची परतफेड लेखकांनी याच एका प्रश्नात केली आणि हडी पक्षाने ती उघड्या हातांनी स्वीकारली.

इथे पुराव्याच्या रीतीकडे वळणे भाग आहे, कारण या वादांचे खरे कौशल्य तिथे दिसते. चाहते जे करत ते हाउसच्या चमूहून वेगळे नव्हते: लक्षणे मांडायची, शक्यता लिहायच्या, एकेक खोडायची. विल्सन बोलत असताना हाउसने कोणाकडे पाहिले, कडीचे नाव निघाल्यावर त्याची काठी थांबली का, पार्श्वसंगीत कोणाच्या चेहऱ्यावर सुरू झाले, दाराच्या काचेतून कॅमेरा कोणाला दाखवतो, हे सारे पुरावे. पुढच्या भागाच्या जाहिराती मात्र अविश्वसनीय साक्षीदार; वाहिनी तुकडे असे जोडे की पक्षांना हवे ते दिसावे. आणि सर्वांत अवघड पुरावा नटांचा. ह्यू लॉरी आणि लिसा एडलस्टाइन समोरासमोर आले की संवादापलीकडचे काही घडे. ते हाउस-कडीचे होते की त्या दोघांच्या अभिनयाचे? भारतात हा प्रश्न याहून स्पष्ट रूपात पुढे आला. स्टार वनवरच्या 'दिल मिल गये' (२००७ ते २०१०) या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांच्या हिंदी मालिकेत अरमानची भूमिका करणसिंग ग्रोव्हरकडे होती. रिद्धिमाची मात्र शिल्पा आनंद, सुकीर्ती कांडपाल आणि जेनिफर विंगेट या तिघींनी आळीपाळीने केली. जोडी तीच, नाव तेच, तरी चाहते अभिनेत्रींवरून फुटले. कागदावरचे नाते आणि पडद्यावरचे नाते यांत अंतर असते हे त्यांनी सहज दाखवून दिले.

विल्सनच्या पक्षाचा पुरावा वेगळ्या जातीचा होता, कारण तो कथेत राजरोस मांडलेला होता. हाउस हे पात्र शेरलॉक होम्सवर बेतलेले आहे. त्याच्या घराचा क्रमांकही २२१बी, आणि विल्सन म्हणजे वॉटसन. होम्सच्या वाचकांत अशा चर्चा शंभर वर्षांपासून चालत आल्या आहेत. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये होम्सच्या कथांची धर्मग्रंथासारखी चिकित्सा करणारा निबंध लिहिला आणि त्या खेळाला वळण दिले. वॉटसनने किती लग्ने केली हा त्या मंडळींचा आवडता वाद. १९४१ मध्ये रहस्यकथाकार रेक्स स्टाउट यांनी वॉटसन ही स्त्रीच होती असे गंभीर चेहऱ्याने सिद्ध करून दाखवले. विल्सनच्या तीन मोडलेल्या लग्नांकडे पाहिले की मालिकेच्या लेखकांना हा वारसा ठाऊक असावा असे वाटते. हिल्सन पक्षात दोन गट होते: एकाला त्या दोघांत प्रेमसंबंध दिसे, दुसऱ्याला मैत्री, पण कोणत्याही लग्नाहून मोठी. 'द डाउन लो' या भागात शेजारीण त्यांना जोडपे समजते आणि विल्सन भर हॉटेलात गुडघ्यावर बसून हाउसला मागणी घालतो. पहिल्या गटाला हा प्रसंग दुखावणारा वाटला. जे नाते लेखक दर आठवड्याला रंगवतात त्याची शक्यता फक्त विनोदापुरती ठेवतात, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. २०१० च्या अमेरिकी मुख्य वाहिनीवर नायकाच्या बाबतीत तेवढेच शक्य होते, हेही खरे.

पण विल्सनचा खरा दावा अशा प्रसंगांवर उभा नाही. हाउसने विल्सनच्या नावाने औषधचिठ्ठ्या बनवल्या, त्यापायी विल्सनचे काम बंद पडण्याची वेळ आली, तरी तो राहिला. चौथ्या पर्वाच्या शेवटी, हाउसला दारूच्या गुत्त्यातून आणायला गेलेली विल्सनची प्रेयसी अँबर बस अपघातात सापडून मेली. त्याआधी तिचा आजार आठवावा म्हणून हाउसने मित्राच्या सांगण्यावरून स्वतःचा मेंदू धोक्यात घातला. विल्सन एका जुन्या रुग्णाला यकृताचा तुकडा द्यायला निघाला तेव्हा हाउसने शस्त्रक्रियेला हजर राहायला नकार दिला, कारण तू मेलास तर मी एकटा पडेन. त्याच भागात विल्सन कडीच्या मनात भरलेले घर तिच्या आधी विकत घेतो, तिने मित्राला दुखावले म्हणून. हाउसला बदलण्याची अट या नात्यात कधी घातली गेली नाही असे नाही. विल्सन रोज उपदेश करी. पण अट पुरी झाली नाही म्हणून तो कायमचा निघून गेला नाही.

कडी गेली. सातव्या पर्वात दोघांचा संसार काही महिने चालला, आणि एका रात्री, रुग्ण गमावल्यावर दारू पिऊन, हाउसने तिला सांगितले की सुखी झाल्याने आपण वाईट डॉक्टर झालो आहोत, माणसे मरतील, तरीही आपण निवडू ते तिलाच. प्रेमाची याहून अस्वस्थ करणारी कबुली टीव्हीवर क्वचितच आली असेल. रुग्णांच्या जिवावर उभे राहिलेले सुख स्वीकारावे का, यावर हडी पक्षातच फूट पडली. पुढच्याच भागात, मार्च २०११ मध्ये, कडीच्या मूत्रपिंडात गाठ सापडते. हाउस भीतीने तिच्याजवळ येत नाही. येतो तेव्हा गोळी घेऊन येतो. गाठ निरुपद्रवी निघते. स्वप्नांतल्या खुणा जुळवून कडीला गोळीचे कळते आणि ती नाते तोडते. तिचा निर्णय घाईचा होता असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी होती. एका गोळीसाठी? पण तिचे दुःख गोळीचे नव्हते. तिच्या मरणाच्या शक्यतेला सामोरे जाण्यासाठीही त्याला वेदनेपासून पळावे लागले. तिच्या वेदनेत तो शुद्धीवर हजर नव्हता. तिचे वागणे समजून घेण्यासाठी एवढे पुरे आहे.

२३ मे २०११ चा भाग या वादाचा सर्वांत कडू टप्पा. खिडकीतून कडी दुसऱ्या पुरुषाबरोबर जेवणाच्या टेबलाशी दिसते, आणि हाउस आपली गाडी भिंत फोडून तिच्या जेवणघरात घालतो. धुळीतून बाहेर पडून, तिने परत मागितलेला केसांचा ब्रश तिच्या हाती देतो आणि निघून जातो. तो ब्रश परत देणे हाच त्यांच्यातला शेवटचा व्यवहार ठरला. घरात माणसे होती, ती क्षणभरापूर्वी त्या खोलीत बसली होती. लेखकांनी शेवटी हाउसला समुद्रकिनाऱ्यावर हलक्या मनाने चालताना दाखवले. ल्यूक आणि लॉराच्या वेळी जो प्रश्न उभा राहिला होता तोच तीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला: एका स्त्रीवर झालेल्या हिंसेला नायकाच्या मनःस्थितीचे रूपक करायचा अधिकार कथेला आहे का? नाही, असे ठामपणे म्हणणारे बरोबर होते. तो प्रसंग हाउसच्या स्वभावाशी सुसंगत असला तरी त्याचे ओझे कडीवर पडले आणि तिला त्याबद्दल बोलायला एक भागही मिळाला नाही. लिसा एडलस्टाइन आठव्या पर्वासाठी परतली नाही. हाउस तुरुंगात गेला, रुग्णालयाच्या प्रमुखपदी त्याच्याच चमूतला फोरमन आला, आणि सात वर्षांचे एक पात्र अर्ध्या वाक्यात उरले.

शेवटच्या पर्वात विल्सनला कर्करोग होतो. उपचार थांबवून उरलेले पाच महिने जगायचे तो ठरवतो, तेव्हाच हाउसला पॅरोलच्या अटी मोडल्याबद्दल सहा महिने तुरुंगात जायचे असते. पाच आणि सहा यांच्या हिशेबातून सुटण्यासाठी हाउस जळत्या इमारतीतून स्वतःचे मरण रचतो, डॉक्टर म्हणून असलेले सगळे आयुष्य टाकून देतो आणि मित्राबरोबर मोटरसायकलवर निघतो. होम्सनेही असेच खोटे मरण पत्करले होते. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये त्याला मारले आणि वाचकांच्या रेट्याने १९०३ मध्ये परत आणले. होम्स कामावर परतला; हाउसने काम सोडले. ज्या कोड्यांशिवाय तो जगू शकत नाही असे सगळे मानत आले, ती कोडी त्याने एका माणसासाठी सोडली. माणूस बदलतो की नाही या वादात हिल्सन पक्षाला हा मोठा पुरावा मिळाला, तोही बदलाची अट पुरी झाली नाही म्हणून जो कधी कायमचा निघून गेला नाही त्याच्या बाबतीत.

त्या शेवटच्या भागात मेलेले आणि गेलेले लोक हाउसला भासात भेटतात: चमूतला कटनर, अँबर, स्टेसी, कॅमेरॉन. कडी नाही. तिच्या बाजूच्या लोकांना ही गैरहजेरी त्या गाडीच्या धडकेइतकीच झोंबली, आणि एडलस्टाइनशी करार उरला नव्हता या कारणाने ती भरून निघत नाही. आता मालिका सलग पाहता येते. मे २००९ चा भास आणि मे २०१० चे न्हाणीघर यांच्यामध्ये नव्या प्रेक्षकाला वर्ष काढावे लागत नाही, दोन-चार आठवडे पुरतात. काय होईल यावरचे तर्क त्यामुळे संपले. जे झाले ते हाउसवर प्रेम करणाऱ्या माणसांना न्याय देणारे होते का, एवढ्यापुरता वाद चालू आहे, आणि त्यात सर्वाधिक वेळा नाव येते ते कडीचे.